तबकडी, फाइल आणि ‘माझा संग्रह’

एका वाचकांचा प्रश्न असा आहे: बरीच वर्षे त्यांनी संगीत केवळ स्ट्रीमिंगवर ऐकले, अलीकडे त्यांच्या यादीतले काही आवडते अल्बम पूर्वसूचना न मिळता नाहीसे झाले, आणि तेव्हापासून त्यांनी ठरवले आहे की जे पुनःपुन्हा ऐकावेसे वाटते ते विकत घेऊनच ठेवायचे. घरात जागा बेताची आहे. अशा वेळी सीडी किंवा एलपी रेकॉर्ड घ्याव्यात की डाउनलोड विकत घ्यावेत, त्यांतले टिकेल काय, आवाज कशात चांगला आणि पुढे हा संग्रह मुलांच्या हाती देता येईल का, अशी त्यांची विचारणा आहे. जुन्या कॅसेटींनी भरलेल्या एका खोक्याचे काय करावे, हेही त्यांनी शेवटी विचारले आहे.

ध्वनिमुद्रणांचे जतन आणि त्यांचे डिजिटल रूपांतर हे माझे रोजचे काम आहे. लोक माझ्याकडे संग्रह घेऊन येतात ते बहुधा काहीतरी बिघडल्यावर: बुरशी धरलेल्या रेकॉर्ड, सुरूच न होणारी हार्ड डिस्क, मध्येच अडकणारी सीडी. त्यामुळे सुस्थितीतले संग्रह माझ्या नजरेस कमी पडतात, हे पुढचे वाचताना ध्यानात घ्यावे. माझे मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांनी सीडी घ्यावी, ती आणल्या दिवशीच फाइलीत उतरवावी आणि ऐकण्यासाठी फाइल वापरावी. जे सीडीवर मिळत नाही तेवढ्यासाठी डाउनलोड घ्यावे. एलपी मात्र टिकाऊपणासाठी किंवा आवाजाच्या शुद्धतेसाठी म्हणून घेऊ नये. याची कारणे सांगायची तर सुरुवात ‘विकत घेणे’ या शब्दापासूनच करावी लागते.

सीडी विकत घेतली की ती वस्तू आपली होते. तिच्यावरच्या संगीताचा कॉपीराइट अर्थातच आपल्याकडे येत नाही, पण ती तबकडी आपण विकू शकतो, कोणाला देऊन टाकू शकतो, मृत्युपत्रात लिहू शकतो. पहिल्या विक्रीनंतर त्या प्रतीचे पुढे काय होते यावर प्रकाशकाचा ताबा राहत नाही, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली एका पुस्तकाच्या खटल्यात मान्य केले, आणि जुन्या रेकॉर्डींचा बाजार उभा आहे तो अशाच तत्त्वावर. फाइलीपाशी आल्यावर हे तत्त्व अडखळते. विकत घेतलेली गाणी पुन्हा विकता यावीत म्हणून अमेरिकेत रीडिजी नावाची सेवा निघाली होती. कॅपिटॉल रेकॉर्ड्सने तिच्यावर खटला भरला आणि २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने, २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तिच्या विरोधात निकाल दिला. निकालाचा गाभा असा, की फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा तिथे नवी प्रत तयार होते, आणि नवी प्रत काढण्याचा हक्क ग्राहकाने विकत घेतलेला नसतो. वापरलेल्या ई-पुस्तकांच्या पुनर्विक्रीबाबत युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये दिलेला निर्णयही याच दिशेचा आहे.

तेव्हा मुलांना संग्रह देता येईल का, याचे उत्तर तबकडीपुरते सरळ होकारार्थी आहे. फाइलीच्या बाबतीत आपल्या हाती बहुधा परवाना येतो आणि त्याच्या अटींमध्ये ‘वैयक्तिक वापरासाठी, अहस्तांतरणीय’ अशा अर्थाचे शब्द असतात. व्यवहारात मात्र, कुलूप (परवानगीवाचून वाजवू किंवा नक्कल करू न देणारी तांत्रिक अडकाठी, म्हणजे डीआरएम) नसलेली फाइल ज्याच्या हातात हार्ड डिस्क येईल त्याच्याकडे वाजते. कायदा आणि व्यवहार यांतले हे अंतर देशागणिक वेगळे आहे आणि त्यावर एकच उत्तर देण्याच्या फंदात मी पडत नाही.

कुलपाचा उल्लेख आला, तर त्याचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण अनेकांच्या मनातली डाउनलोडविषयीची धास्ती तिथून आलेली आहे. ॲपलचे आयट्यून्स दुकान एप्रिल २००३ मध्ये उघडले तेव्हा तिथली गाणी कुलूपबंद असत आणि ठरावीक संख्येच्या नोंदवलेल्या संगणकांवरच वाजत. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या बंद केलेल्या एमएसएन म्युझिक दुकानाच्या ग्राहकांना कळवले, की यापुढे नव्या संगणकासाठी किल्ल्या दिल्या जाणार नाहीत. पैसे मोजून घेतलेली गाणी जुना संगणक चालेल तोवरच वाजणार, असा त्याचा अर्थ होता. ओरड झाली आणि मुदत वाढवावी लागली. जानेवारी २००९ मध्ये ॲपलने सगळे संगीत कुलपाविना विकण्याचे जाहीर केले, आणि आज विकत मिळणारे संगीताचे डाउनलोड जवळजवळ सर्वत्र मोकळे असते. तबकडीही या बाबतीत अगदी निष्पाप नाही: २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडींनी ग्राहकांच्या संगणकांत नकळत लपून बसणारे सॉफ्टवेअर घातले होते आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या.

आजचा धोका कुलपाचा नाही, आळसाचा आहे. लोक डाउनलोड ‘विकत घेतात’ आणि प्रत्यक्षात डाउनलोड करतच नाहीत. एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांनी कित्येक वर्षे एकाच दुकानातून अल्बम घेतले, ते त्याच दुकानाच्या ॲपमध्ये ऐकले, आणि दुकान बंद झाले तेव्हा त्यांच्याजवळ उरला तो पावत्यांच्या ई-मेलींनी भरलेला एक फोल्डर. दुकानाने काही महिन्यांची मुदत दिली होती, पण ती सूचना ज्या पत्त्यावर गेली तो पत्ता ते वापरत नव्हते. मी त्यांच्यासाठी काहीही करू शकलो नाही. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात असा कायदा लागू आहे, की परवाना देणाऱ्या विक्रेत्याने ‘खरेदी करा’ असे लिहिताना आपण परवानाच देत आहोत हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि त्या कायद्यातून वगळले काय आहे, तर कायमची उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येईल अशी फाइल. ही सीमारेषा मला अगदी योग्य ठिकाणी आखलेली वाटते. खात्यात दिसते ते आपले नव्हे, आपल्या डिस्कवर उतरले ते आपले, निदान वाजवण्यापुरते तरी.

आता आवाज. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने (ध्वनीची मोजमापे), प्रत्येक १६ बिटांचा, अशा दोन वाहिन्या असतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. त्या आकड्यांतून बावीस हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज पकडता येतो आणि निरोगी तरुण कानाची मर्यादा वीस हजारांच्या आसपास असते. फ्लॅक या प्रकारच्या फाइलीत हीच माहिती साधारण निम्म्या ते दोनतृतीयांश जागेत, एकही बिट न गमावता बसते. त्यामुळे एकाच मास्टरपासून (प्रती काढण्यासाठी तयार केलेल्या अंतिम ध्वनिमुद्रणापासून) बनलेली सीडी आणि फ्लॅक यांच्या आवाजात फरक असूच शकत नाही. तो ऐकू येतो असे सांगणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. एमपी-थ्रीमध्ये माहिती खरोखर टाकून दिली जाते. ३२० किलोबिटला ती बहुतेकांना जाणवत नाही, १२८ ला झांजांच्या आवाजात आणि टाळ्यांच्या कडकडाटात ती चटकन कळते.

माध्यमापेक्षा कितीतरी मोठा फरक पाडते ते मास्टरिंग, आणि तबकडीच्या बाजूचा माझा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. मूळ ध्वनिमुद्रण एकच असते, पण ते प्रत्येक वेळी नव्याने बाजारात येताना कोणीतरी त्याचा समतोल आणि जोर पुन्हा ठरवतो. १९९० च्या दशकापासून हा जोर वाढतच गेला, कारण शेजारच्या गाण्यापेक्षा आपले गाणे हळू वाजलेले कोणत्याच कंपनीला नको होते. मी अलीकडेच एका अल्बमच्या दोन प्रती पडद्यावर एकाखाली एक लावून पाहिल्या. १९८० च्या दशकातल्या सीडीवर गाण्याच्या सुरुवातीचे एकट्या गिटारचे वाजणे आलेखात बारीक रेघेसारखे दिसत होते आणि ढोल आल्यावर टोके उंच उठत होती. नव्या ‘रीमास्टर’ प्रतीत सुरुवातीपासूनच एक जाड पट्टा होता, ज्याची वरची आणि खालची कड कात्रीने कापल्यासारखी सरळ. दुसरी प्रत पहिल्या पाच सेकंदांत जास्त भारदस्त वाटते आणि विसाव्या मिनिटाला ती बंद करावीशी वाटते. दुकानात आज डाउनलोडसाठी मिळते ती बहुधा हीच दुसरी प्रत असते, आणि जुनी तिथून काढून टाकलेली असते. तबकडी मात्र ज्या वर्षी निघाली त्या वर्षीची आवृत्ती म्हणून तशीच राहते. पुस्तकांच्या बाबतीत आवृत्तीला महत्त्व देणारे वाचक संगीताच्या बाबतीत ‘अल्बम तोच आहे ना’ असे म्हणून गप्प बसतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

म्हणून जुनी सीडी मिळाली तर ती हलकी समजू नये. फक्त एक खाचखळगा सांगून ठेवतो. सुरुवातीच्या काळातल्या काही सीडींवर उच्च स्वरांना मुद्दाम उठाव देऊन ध्वनी साठवलेला आहे आणि प्लेअर वाजवताना तो उठाव आपोआप उतरवतो. अशी सीडी संगणकात उतरवताना सॉफ्टवेअरने ती खूण ओळखली नाही, तर तयार झालेली फाइल कर्कश वाजते. मग ‘जुन्या सीडी अशाच पातळ आवाजाच्या असतात’ असा शिक्का बसतो, जो त्या बिचाऱ्या तबकडीवर अन्याय आहे.

डाउनलोड घेताना तपासायची गोष्ट निराळी. फ्लॅक म्हणून विकलेली फाइल कधी कधी मुळात एमपी-थ्रीपासून फुगवलेली असते. ध्वनीचा वर्णपट (कोणत्या उंचीचे स्वर किती जोरात आहेत याचे रंगीत चित्र) दाखवणारे कोणतेही साधे सॉफ्टवेअर उघडून पाहावे: सोळा हजार हर्ट्‌झच्या आसपास सगळा रंग एका आडव्या रेषेवर थबकला असेल आणि वर नुसता काळोख असेल, तर शंकेला जागा आहे. जुन्या टेपवरच्या ध्वनिमुद्रणात वरचे स्वर मुळातच कमी असतात, पण ते हळूहळू विरत जातात. सुरीने कापल्यासारखे संपत नाहीत. हा तपास प्रत्येक खरेदीला करायची गरज नाही, नव्या दुकानातून पहिला अल्बम घेतला की एकदा करावा.

एलपीविषयी माझे बोलणे काहींना रुचणार नाही. १९४८ पासून आलेले हे माध्यम यांत्रिक आहे: खाचेत सुई घासत जाते, आतल्या वर्तुळांकडे जाताना तेवढ्याच वेळात कमी लांबीची खाच मिळते आणि तिथे उच्च स्वर ओढल्यासारखे होतात; एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त भरले तर पातळी कमी करावी लागते. शिवाय आजच्या पुष्कळ एलपी डिजिटल मास्टरवरूनच कापल्या जातात. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या संग्राहकप्रिय एलपींच्या निर्मितीत डिजिटल पायरी होती, हे २०२२ मध्ये उघड झाले; तोवर त्यांतल्या ‘निव्वळ ॲनालॉग’ गोडव्याची वाखाणणी करणाऱ्यांच्या कानांना ती पायरी खटकली नव्हती. तरीही एलपी घ्यायला दोन सच्ची कारणे आहेत. काही अल्बमचे सर्वांत संयत मास्टरिंग एलपीवरच सापडते, आणि रेकॉर्ड लावून पूर्ण बाजू ऐकण्याची बैठक काही जणांना खरोखर हवी असते. पण जागा बेताची आहे म्हणता, तर वजनही लक्षात घ्या: पाचशे एलपी वेष्टनांसह शंभर किलोच्या पुढे जातात. पाचशे सीडी डब्यांसह पाच मीटर फळी व्यापतात आणि डबे काढून कागद-प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवल्या तर त्याहून पुष्कळच कमी. पाचशे अल्बम फ्लॅकमध्ये दोनशे गिगाबाइटच्या आत बसतात, म्हणजे नखाएवढ्या कार्डावर.

टिकण्याच्या बाबतीत सीडीची रचना समजून घेतली तर निम्मी काळजी मिटते. चकचकीत बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचे पारदर्शक प्लास्टिक असते, त्यानंतर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर लाखेचा लेप आणि मग छापील चित्र. माहिती त्या ॲल्युमिनियमपाशी, म्हणजे छापील बाजूला चिकटून असते. लोक चकचकीत बाजू जिवापाड जपतात आणि छापील बाजू खाली करून टेबलावर ठेवतात. हे उलट आहे. चकचकीत बाजूचा ओरखडा घासून काढता येतो आणि लहानसहान चरे तर प्लेअरची त्रुटीसुधारणा भरून काढते, पण छापील बाजूचा खोल ओरखडा धातूसकट माहिती घेऊन जातो. जुनी सीडी घेताना ती दिव्यासमोर धरावी; टाचणीच्या टोकाएवढी उजेडाची छिद्रे मोठ्या संख्येने दिसली किंवा कडेकडून तांबूस रंग आत सरकलेला दिसला, तर ती सोडून द्यावी. इंग्लंडमधील ब्लॅकबर्नच्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात बनलेल्या सीडी अशा तांबूस पडतात, कारण त्यांची लाख पाकिटांच्या कागदातल्या गंधकाला पुरी पडली नाही. एरवी कारखान्यात छापलेली सीडी सावलीत ठेवली तर सहसा दगा देत नाही. घरी लिहिलेली सीडी ही निराळी जात आहे. तिच्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि तिच्यावर एकुलती एक प्रत कधीही ठेवू नये.

फाइल झिजत नाही, पण ती ज्यावर असते ते यंत्र मरते, आणि मरताना कल्पना देईलच असे नाही. मायस्पेस या समाजमाध्यमाने २०१९ मध्ये मान्य केले, की सर्व्हर हलवताना लोकांनी २०१६ पूर्वी चढवलेले संगीत गेले. कोट्यवधी गाण्यांना त्या एका घटनेत जलसमाधी मिळाली. तेव्हा दोन वेगळ्या डिस्कवर एकेक प्रत आणि तिसरी घराबाहेर, एवढी व्यवस्था नसेल तर डाउनलोडच्या नादी लागू नये. वर्षानुवर्षे कपाटात वीज न देता पडून राहिलेल्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर) विसंबू नये. फ्लॅकची एक सोय फार कमी लोक वापरतात: मूळ ध्वनीचा ठसा फाइलीतच नोंदवलेला असतो, त्यामुळे वर्षातून एकदा सगळा संग्रह तपासणीला लावला की एखाद्या फाइलीत कुठे बिट बदलला असेल तर ती लगेच उघडी पडते. एमपी-थ्रीत असा ठसा ठेवण्याची सोय सहसा नसते आणि बिघाड समजतो तो गाणे मध्येच ‘चिक्‌’ करते तेव्हा, तोवर तीच खराब प्रत बॅकअपमध्येही गेलेली असते.

सीडी उतरवताना घाई करू नये. त्रुटी तपासत वाचणारे सॉफ्टवेअर वापरावे; एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे त्यांतले जुने आणि भरवशाचे. आपली प्रत इतर लोकांनी उतरवलेल्या त्याच सीडीशी जुळते का, हे ते ॲक्युरेटरिप या नोंदसंग्रहावरून पडताळते, आणि जुळली की निश्चिंत व्हावे. काही अल्बमवर पहिल्या गाण्याच्या आधीच्या मोकळ्या जागेत एखादे गाणे लपवलेले असते आणि ते नेहमीच्या पद्धतीने उतरत नाही, एवढे लक्षात असू द्यावे. पुस्तिकेची पाने स्कॅन करून त्याच फोल्डरात ठेवावीत, कारण वाद्यावर कोण होते, मुद्रण कुठे झाले, ही माहिती डाउनलोडबरोबर अनेकदा येतच नाही आणि एकदा हरवली की शोधत बसावे लागते. स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी प्रत काढणेसुद्धा सगळीकडे कायदेशीर नाही; ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये दिलेली ती मुभा न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केली. तेव्हा आपल्या देशातला नियम पाहून घ्यावा, आणि प्रत काढल्यावर मूळ सीडी विकून फाइल ठेवणे हे मात्र कुठेही करू नये.

डाउनलोड कोणत्या संगीतासाठी घ्यावे, याचे उत्तर सोपे आहे: जे कलाकार तबकडी काढतच नाहीत त्यांच्यासाठी, आणि जिथे पैशाचा मोठा वाटा थेट कलाकाराकडे जातो तिथून. २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पसारख्या ठिकाणी एकाच खरेदीत फ्लॅक आणि एमपी-थ्री दोन्ही उतरवता येतात. दोन्हींतले फ्लॅक ठेवावे, कारण त्यापासून लहान फाइल केव्हाही बनवता येते, उलट कधीच नाही. मुलांसाठी म्हणून एका कागदावर डिस्क कुठे आहेत, फोल्डरांची मांडणी कशी आहे आणि कोणत्या दुकानांत खाती आहेत, हे लिहून तो कागद सीडींच्या पहिल्या खोक्यातच ठेवावा.

राहिला कॅसेटींचा खोका. खरे तर तुमच्या सगळ्या कामात तोच सर्वांत निकडीचा आहे, आणि नवी खरेदी महिनाभर लांबली तरी चालेल. आधी घरी मुद्रित केलेल्या कॅसेटी वेगळ्या काढा, कारण बाजारात निघालेले अल्बम पुन्हा मिळू शकतात, घरातले आवाज नाहीत. मागच्या कडेवरची दोन प्लास्टिकची जिभळी मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर काही मुद्रित होणार नाही. मधल्या पट्टीवरची स्पंजाची लहान गादी गळून पडली आहे का पाहा. पडली असेल तर टेप यंत्राच्या डोक्याला (हेडला) नीट टेकत नाही आणि आवाज दबका येतो, अशा वेळी फीत दुसऱ्या चांगल्या डब्यात घालून घ्यावी. प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मगच वाजवा, आणि वाजवण्यापूर्वी यंत्राचे डोके स्पिरिटने पुसा. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात, त्यात घाईची वाट नाही; रोज एक लावली तर शंभर कॅसेटींचा खोका साडेतीन महिन्यांत संपतो.